मोबाइलला लगाम कोणीं घालावा?

सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव हें सुमारें तीन हजार वस्तीचें, शेतकऱ्यांचें व साखर कारखान्यांत काम करणाऱ्या लोकांचें गांव आहे. इ. स. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशीं येथील ग्रामसभेंत एक ठराव झाला. रोज सायंकाळीं सात वाजतां देवळावरील भोंगा वाजावा, आणि तो वाजतांच घरोघरचे टेलिव्हिजन संच व मोबाइल बंद व्हावे. साडेआठ वाजतां भोंगा पुन्हां वाजेपर्यंत मुलांनीं अभ्यास करावा आणि मोठ्यांनीं वाचन करावें किंवा आपसांत बोलावें, असा तो ठराव. दुसऱ्या दिवसापासून हा क्रम सुरू झाला. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक अशीं माणसें घरोघर जाऊन लोकांस समजावूं लागलीं. कोरोनाच्या टाळेबंदींत शाळेचे वर्ग मोबाइलवर भरत होते. पुढें शाळा उघडल्या, तरी मोबाइल मुलांच्या हातांतून सुटेना, हें ह्या ठरावाचें कारण होतें.

भोंगा हें कांहीं नवें यंत्र नव्हे. गिरणीचा भोंगा आमच्या आजोबांनींहि ऐकिला होता. मग खिशांत मावणाऱ्या ज्या यंत्रांत हजारों कुशल इंजिनियरांची बुद्धि ओतलेली आहे, त्याच्यापुढें एक साधा भोंगा कसा उभा राहिला? मनुष्यास स्वतःच्या हातांतील वस्तूपासून सोडविण्यासाठीं दुसरें साधन कां लागावें, आणि असें साधन घडवावयाचें तर तें कसें असावें, ह्याचा विचार आम्ही येथें करणार आहों. आमच्या शाळेंतून दरवर्षीं कित्येक विद्यार्थी यंत्रशास्त्र व संगणकशास्त्र शिकावयास जातात. उद्यां अशीं साधनें घडविणें त्यांच्याच हातीं येणार आहे. म्हणून हा विषय केवळ उपदेशाचा नसून अभ्यासाचाहि आहे.

मोबाइल ही वाईट वस्तु आहे असें आमचें म्हणणें नाहीं. आखातांत कामास गेलेल्या वडिलांचा चेहरा लेकरांस रोज दाखविणारा, खेड्यांतील मुलीस दूरच्या शिक्षकाचा पाठ ऐकविणारा, अपघाताच्या वेळीं मदतीस माणूस बोलावून आणणारा मोबाइल हा उपकारकच आहे. तक्रार आहे ती एवढीच कीं, पांच मिनिटांच्या कामासाठीं हातीं घेतलेला फोन तासाभरानेंहि खालीं ठेववत नाहीं. हें असें कां होतें, तें आधीं पाहूं.

पुस्तकाला शेवटचें पान असतें. वर्तमानपत्र संपतें. पत्र संपतें. ही समाप्ति म्हणजे वाचकास मिळालेली एक सूचनाच असते कीं, आतां थांब, आणि पुढें काय करावयाचें तें ठरव. इ. स. २००६ मध्यें एझा रास्किन नांवाच्या अमेरिकन तरुणानें संगणकाच्या पडद्यावर मजकूर आपोआप पुढें पुढें येत राहील अशी एक योजना केली. पान उलटण्याची तसदी वांचावी, हाच त्याचा हेतु होता. परंतु पान उलटण्याची तसदी गेली तिच्याबरोबर थांबण्याची जागाहि गेली. तळाला पोंचूं म्हणतां म्हणतां तळच खालीं सरकूं लागला. आपल्या ह्या शोधाविषयीं पुढें त्यानें जाहीरपणें खेद व्यक्त केला. कर्त्याचा हेतु चांगला असला म्हणजे कृतीचा परिणामहि चांगलाच होतो असें नाहीं, हा धडा प्रत्येक यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यानें ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

दुसरें कारण अनिश्चित लाभाचें. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर व त्यांचे सहकारी चार्ल्स फर्स्टर ह्यांनीं कबुतरांवर केलेल्या प्रयोगांचा ग्रंथ इ. स. १९५७ मध्यें प्रसिद्ध झाला. कबुतरानें एका चकतीवर चोंच मारली कीं दाणा मिळावा अशी त्या प्रयोगांत व्यवस्था असे. दाणा कितव्या टोच्यास मिळेल ह्याचा नेम नसला, म्हणजे कबूतर न थकतां, भराभर टोचीत राही. इतकें कीं दाणा बंद झाल्यावरहि तें पुष्कळ वेळ टोचीतच राही. आतां आपण मोबाइल कां उघडतों तें पाहा. कदाचित् मित्राचा निरोप आला असेल, कदाचित् आपल्या छायाचित्राची कोणीं वाहवा केली असेल, कदाचित् कांहींच आलें नसेल. हें ‘कदाचित्’ हाच तो दाणा. तो दर वेळीं मिळत नाहीं, म्हणूनच हात पुन्हां पुन्हां तिकडे जातो.

तिसरें कारण पैशाचें. पुष्कळशीं ॲपें आपणांस फुकट मिळतात. परंतु तीं चालविणाऱ्यांस उत्पन्न मिळतें तें जाहिरातींचें. जितका वेळ डोळे पडद्यावर, तितक्या जाहिराती अधिक. हर्बर्ट सायमन ह्या अर्थशास्त्रज्ञानें इ. स. १९७१ मध्येंच दाखवून दिलें होतें कीं, माहितीची समृद्धि झाली म्हणजे लक्षाचें दारिद्र्य येतें, कारण माहिती खाते तें ऐकणाऱ्याचें लक्षच. बाजारांत आपण गिऱ्हाईक असतों असें आपणांस वाटतें. येथें मात्र आपला वेळ हाच विकावयास मांडलेला माल असतो.

इतकें पाहिल्यावर, मुलानें ‘मनोनिग्रह कर’ एवढें ऐकून सुटावें, ही अपेक्षा न्याय्य राहत नाहीं. एका बाजूला पंधरा वर्षांचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला त्याचें मन गुंतविण्याचाच धंदा करणारे शहाणे लोक, अशी ही विषम झुंज आहे. अशा झुंजीविषयींची एक फार जुनी गोष्ट ग्रीक महाकवि होमर ह्याच्या ‘ओडिसी’ काव्यांत आहे. समुद्रांतील एका बेटावर सायरेन नांवाच्या मोहिनी गात असत. त्यांचें गाणें ऐकून खलाशी भान विसरत आणि प्राणास मुकत. ओडिसियस हा शूर राजा त्या वाटेनें निघाला, तेव्हां आपण मोह जिंकूं अशी फुशारकी त्यानें मारली नाहीं. बेट दूर असतांनाच त्यानें खलाशांच्या कानांत मेण घातलें, आणि स्वतःस डोलकाठीशीं बांधून घेतलें. मीं सोडण्याविषयीं विनविलें, तर दोर अधिकच आवळा, अशी त्यानें आज्ञा करून ठेविली. तो वांचला तो बळानें नव्हे. भानावर असतांना त्यानें पुढच्या बेभान घटकेची व्यवस्था केली म्हणून वांचला.

मौजेची गोष्ट अशी कीं, इ. स. १८१९ मध्यें कान्यार द ला तूर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें एक ध्वनियंत्र सुधारून सिद्ध केलें. तें पाण्यांतहि वाजे, म्हणून त्यानें त्यास ह्या मोहिनींचेंच नांव दिलें. इंग्रजींत भोंग्यास ‘सायरन’ म्हणतात तें तेव्हांपासून. ज्या नांवाच्या मोहिनी खलाशांस बुडवीत, त्याच नांवाचें यंत्र वडगांवीं रोज दीड तास मुलांस तारण्यासाठीं वाजूं लागलें!

मोबाइलचा अतिरेक आवरण्यासाठीं जीं साधनें आजवर निघालीं, त्यांचे स्थूलमानानें चार वर्ग करितां येतील.

पहिलें साधन आरशाचें. इ. स. २०१८ मध्यें गूगल व ॲपल ह्या दोन्ही कंपन्यांनीं आपापल्या फोनांत, आज किती वेळ पडदा पाहिला, कोणत्या ॲपांत किती वेळ गेला, हें मोजून दाखविण्याची सोय केली. ही सोय उपयुक्त आहे, कारण ‘थोडाच वेळ पाहिला’ हा आपला अंदाज बहुधा खोटा ठरतो. परंतु आरसा डाग दाखवितो, पुसीत नाहीं. आंकडा पाहून हळहळणें आणि पुन्हां त्याच वाटेनें जाणें, हें पुष्कळांचे बाबतींत होतें.

दुसरें साधन कुंपणाचें. अमुक ॲप रोज अर्धा तास, असा नियम आपणच घालून ठेवावयाचा. वेळ भरली कीं फोन अडवितो. इ. स. २०२२ मध्यें अमेरिकेंतील तीन अर्थशास्त्रज्ञांनीं सुमारें दोन हजार प्रौढांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं जणांच्या हातीं स्वतःवर मर्यादा घालण्याचें साधन दिलें असतां, कोणतेंहि बक्षीस नसतांना, त्यांचा ठराविक ॲपांचा वापर रोज सुमारें २२ मिनिटांनीं, म्हणजे १६ टक्क्यांनीं उतरला. समाजमाध्यमांच्या वापरापैकीं सुमारें ३१ टक्के भाग हा केवळ स्वतःस आवरतां न आल्यामुळें होतो, असा निष्कर्षहि त्यांनीं काढिला. म्हणजे लोकांस थांबावयाचें असतें. थांबण्यास आधार मात्र हवा असतो. कुंपणाचें व्यंग एवढेंच कीं, त्याचें फाटक आंतल्याच माणसाच्या हातीं असतें. ‘आणखी एक मिनिट’, ‘आजच्या दिवस मर्यादा नको’ अशीं बटणें जेथें पुढ्यांत असतात, तेथें बोट सवयीनें तिकडेच वळतें.

तिसरें साधन उंबरठ्याचें. हें फाटक बंद करीत नाहीं, फक्त क्षणभर थांबवितें. ‘वन सेक’ नांवाचें एक ॲप आहे. आपण एखादें गुंतविणारें ॲप उघडूं लागलों कीं तें मध्यें येतें, एक दीर्घ श्वास घ्यावयास लावतें आणि मग विचारतें, खरोखरच उघडावयाचें आहे काय? इ. स. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधांत २८० जणांचा सहा आठवड्यांचा वापर तपासला होता. शेंकडा ३६ वेळां लोकांनीं ह्या उंबरठ्यावरूनच परत फिरावयाचें ठरविलें, आणि उघडण्याचे प्रयत्नहि कालांतरानें ३७ टक्क्यांनीं कमी झाले. त्या निबंधाच्या कर्त्यांपैकीं एक जण त्या ॲपाचाच निर्माता होता, हेंहि वाचकानें ध्यानांत ठेवावें. पण त्यांतील एक गोष्ट मननीय आहे. कोणत्या युक्तीचा गुण अधिक, हें त्यांनीं निराळ्या प्रयोगानें तपासलें, तेव्हां उपदेशाच्या वाक्याचा प्रभाव दिसला नाहीं. थोडा विलंब उपयोगी पडला. आणि ‘राहूं दे, नको उघडूं’ असा मार्ग समोर ठेवणें सर्वांत गुणकारी ठरलें. आम्हां शिक्षकांस व पालकांस ह्यांत शिकण्यासारखें पुष्कळ आहे!

चौथें साधन दूर ठेवण्याचें. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील एका कंपनीचा ‘लाइट फोन’ इ. स. २०१७ मध्यें लोकांच्या हातीं आला. त्या पहिल्या फोनावर बोलण्यापलीकडे कांहींच करितां येत नसे, आणि हेंच त्याचें भूषण होतें. प्रभूनें शिष्यांस शिकविलेल्या प्रार्थनेंत मोहाशीं झुंजण्याचें बळ मागण्यास सांगितलें नाहीं; त्या वाटेसच आपणांस नेऊं नये, अशी ती याचना आहे. जें दृष्टिआड ठेवितां येतें, त्याच्याशीं दिवसभर भांडत बसण्यांत शौर्य नाहीं.

ह्या सर्वांचा अनुभव आम्हांस आमच्याच वर्गांत आला. गेल्या वर्षीं नववीच्या पांच विद्यार्थ्यांनीं विज्ञान प्रदर्शनासाठीं फोन ठेवण्याची एक लांकडी पेटी करावयाची ठरविली. पहिल्या पेटीस कुलूप नव्हतें. हात आपोआप आंत जाई. दुसरीस कुलूप आलें, पण किल्ली ज्याची त्याच्याच खिशांत. मग किल्ली आजीजवळ ठेवून पाहिली. आजीच्यानें नातवाचें आर्जव मोडवेना! शेवटीं घड्याळाची कळ बसविली. आपण तास नेमावयाचा, आणि तो भरल्यावांचून झांकण उघडावयाचें नाहीं. एका मुलीनें शंका काढिली कीं, रात्रीं कोणी आजारी पडलें आणि निकडीचा फोन आला तर? म्हणून घंटा ऐकूं यावी व कोणाचें नांव आलें तें दिसावें अशी कांच वर बसविली, आणि अडीनडीसाठीं एक खिटी ठेविली. ती ओढली तर पेटी उघडे, पण तीवरील कागदी पट्टी फाटे व तें घरांतील सर्वांस दिसे.

पेटी पुरी झाल्यावर, ही प्रथम कोणाच्या घरीं न्यावी, असें आम्हीं विचारलें. एरव्हीं वर्गांत फारसा न बोलणारा एक मुलगा म्हणाला, “सर, माझ्या घरीं न्यायची आहे, पण तींत आधीं बाबांचा फोन ठेवायचा. मी शाळेंतलं कांहीं सांगायला लागलों कीं ते ‘हं’ म्हणतात, पण माझ्याकडे बघत नाहींत.” वर्गांत कोणी हंसलें नाहीं. आम्हींहि, आपल्या घरचीं मुलें आठवून, घटकाभर खालीं पाहिलें.

पेटी त्याच्या घरीं गेली. वडिलांनीं फोन ठेवला, ही त्यांची थोरवी. पहिल्या दोन-तीन संध्याकाळीं काय बोलावें तें कोणासच सुचेना, असें तो मुलगा सांगे. एके दिवशीं वडिलांच्या कारखान्यांतून बोलावणें आलें व पट्टी फाटली; दुसऱ्या दिवशीं ती त्यांनींच पुन्हां चिकटविली. पंधरा दिवसांनीं तो आम्हांस सांगावयास आला कीं, बाबांनीं काल सायकलची सांखळी बसवावयास शिकविली. प्रदर्शनांत पेटीस पारितोषिक मिळालें नाहीं. परंतु एखाद्या यंत्राची ह्याहून मोठी परीक्षा आम्हांस ठाऊक नाहीं.

एवढ्या विवेचनावरून, उद्यां असें साधन घडवूं इच्छिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं चार कसोट्या जवळ बाळगाव्या, असें आम्हांस वाटतें. एक, बंधन ज्याचें त्यानेंच, मन शांत असतांना, आधीं ठरविलेलें असावें. दुसऱ्यानें लादलेलें बंधन मोडण्यांत मुलास पुरुषार्थ वाटूं लागतो. दोन, तें मोडणें अशक्य नसावें, पण नकळत मोडतां येऊं नये. तीन, साधन प्रामाणिक असावें. त्यानें माणसाची गुप्त माहिती विकूं नये, त्यास लाजवूं नये, आणि स्वतःच एक नवा चाळा होऊन बसूं नये. चार, त्यानें आपली गरज आपणच कमी करीत न्यावी. मोडक्या पायास बांधलेली फळी हाड जुळल्यावर काढावयाची असते. जी फळी जन्मभर पायास राहते, ती उपचार नव्हे.

ह्या चारांखेरीज आणखी एक गोष्ट आहे, आणि ती कोणत्याहि ॲपांत घालतां येत नाहीं. ती म्हणजे सोबत. एकट्या मुलाचा फोन बंद असून त्याचे सर्व मित्र बोलत असतील, तर त्याची सुटका त्यास शिक्षेसारखी वाटते. वडगांवच्या भोंग्याचें खरें बळ त्याच्या आवाजांत नव्हतें. तो सरपंचास, शिक्षकास आणि पहिलींतल्या पोरास एकाच वेळीं ऐकूं जाई, ह्यांत होतें. दहा आज्ञांमध्यें विसाव्याचा दिवस पाळण्याची जी आज्ञा आहे, तीहि घरधन्यास एकट्यास विसावा घेण्यास सांगत नाहीं. त्याच्या मुलाबाळांस, चाकरांस, गुरांस आणि दारीं आलेल्या परक्यासहि त्या विसाव्यांत सामील करून घेते. सर्व थांबतात, म्हणून थांबणें सोपें होतें.

तेव्हां मोबाइलला लगाम कोणीं घालावा? कंपन्यांनीं घालावा, हें खरें. त्यांना तसें भाग पाडणें हें कायद्याचें व नागरिकांचें काम आहे. परंतु त्यांची वाट पाहत बसण्याइतकें बालपण लांब नसतें. पालकहो, आज रात्रीं जेवणापूर्वीं घरांतील सर्व फोन एका जागीं ठेवून पाहा, आणि पहिला आपला ठेवा. विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीं ती वेळ वडिलांनीं सांगण्यापूर्वीं आपण होऊन सुचवा. पेटी नसली तर पिठाचा रिकामा डबाहि चालेल. पहिल्या दोन संध्याकाळीं काय बोलावें तें सुचणार नाहीं. तेवढ्या दोन संध्याकाळी धीर धरा. ज्या परमेश्वरानें आपणांस दिवसाचे तास मोजून दिले आहेत, तो ते एकमेकांसाठीं वेंचण्याची बुद्धि आपणां सर्वांस देवो.